सुभाष सरांच्या गाडीचा खरा रंग

रंगाच्या गॅरेजात स्प्रे गन तपासायची तर पहिला फवारा भिंतीवर मारतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या माझ्या गॅरेजात गेली वीस वर्षं हेच चाललंय. थरावर थर बसून भिंत जाड झाली आहे आणि तिचा मूळ रंग कुठला, ते आता मलाही सांगता येणार नाही. किस्स्यांचंही असंच होतं. त्यातला सुभाष सरांच्या गाडीचा थर अजून ओला आहे, तोवर सांगून घेतो.

*

सुभाष सर म्हणजे हायस्कूलचे निवृत्त मास्तर. वडिलांची साठेक वर्षांपूर्वीची गाडी टेम्पोत घालून ते माझ्याकडं आले. वडील, म्हणजे घरातले दादा, जाऊन बरीच वर्षं झाली. आई आहेत, पण आताशा त्या सरांनाच ओळखत नाहीत. ‘मास्तर, च्या घेणार का?’ असं पोटच्या पोराला विचारतात.

"जुनं समदं आटवतंय तिला," सर म्हणाले. "गाडी वळखली की मला बी वळखंल. फकस्त रंग ओरिजिनल पायजे. कंपनीतनं आली तसाच."

कुठला होता, असं मी विचारलं. आकाशी, सर म्हणाले. पुण्याला बहिणीला फोन लावला, तर ती म्हणाली करडा. धाकटा भाऊ म्हणाला, दोघांचंही डोकं फिरलंय, गाडी हिरवी होती. माझ्यासमोर उभी होती ती गाडी लाल!

घरातले फोटो काढले, तर सगळे ब्लॅक अँड व्हाइट. आरसी बुकात रंगाच्या जागी वाळवीनं भोक पाडलेलं. मी त्या भोकातून सरांकडं बघितलं आणि काम घेतलं.

*

दुसऱ्या दिवशी आमच्या रफिकनं बॉनेट घासायला घेतलं. लालखाली हिरवा निघाला. धाकट्या भावाला फोन गेला. हिरव्याखाली आकाशी निघाला, तेव्हा सर खुशीत आले आणि सगळ्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत आकाशीखाली करडा निघाला होता.

"सबीच सच बोलरे, सर," रफिक म्हणाला. "अब कायकू झगडना?"

पण करडा हा रंग नव्हताच, तो प्रायमर होता, रंगाआधी मारतात तो अस्तराचा हात. त्याच्याखाली थेट पत्रा. म्हणजे कधीतरी कुणीतरी गाडी पार पत्र्यापर्यंत घासली होती आणि कंपनीचा रंग त्यात गेला होता. सर टायरवर बसले.

अशा वेळी आम्ही डॅशबोर्ड उघडतो, कारण आतवर कुणी रंगवत बसत नाही. ग्लोव्ह बॉक्सच्या मागं पत्र्याची वीतभर सुटी पट्टी निघाली, ताज्या लोण्याच्या रंगाची. तिघा भावंडांपैकी कुणालाच हा रंग आठवत नव्हता. पण सर हटले नाहीत. गाडी आली तेव्हा आपण रांगत होतो, आईनं पहिल्या दिवशी ओवाळली ती गाडी याच रंगाची असणार, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं.

*

सात रस्त्याजवळ एका दुकानात रंग ओळखायचं मशीन आहे. पट्टी तिथं नेली. तीन ठिकाणी मशीन टेकवलं, तीन वेगळे कोड आले. यातला खरा कुठला, असं मी विचारलं. दुकानदारानं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मधला घ्या की," तो म्हणाला.

मधला घेतला. वाळल्यावर तो गुलाबी दिसायला लागला.

*

मग मल्लेशम अण्णांना बोलावलं. चादरीच्या कारखान्यात सूत रंगवण्यात अण्णांचं उभं आयुष्य गेलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि रंगाच्या बाबतीत कुणाचंच ऐकत नाहीत. सकाळी नऊला पट्टी घेऊन ते उत्तरेकडं तोंड करून उभे राहिले. पट्टी ओली केली, वाळवली, परत ओली केली. मग थेंब थेंब घालत डबा तयार केला आणि आम्ही एक दार मारलं.

दार पट्टीपेक्षा चांगलं दोन शेड गडद! मला काही उमजेना. अण्णांची नजर चुकेल असं सोलापुरात कुणी म्हणणार नाही. अण्णा मात्र निवांत.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पहिल्या धुण्यात उतरतंय."

मी समजावलं, अण्णा, ही चादर नव्हे. गाडीचा रंग धुण्यात उतरत नाही. अण्णांनी दारावर अंगठा घासून बघितला.

"मग धुता कशाला?"



*

अण्णा ईर्ष्येला पेटले. त्याच मापाच्या अकरा पट्ट्या कापून घेतल्या, अकरा शेड मारल्या आणि ओरिजिनल पट्टीसकट तारेवर ओळीनं टांगल्या. दुपारी वावटळ आली आणि सगळ्या खाली. गोळा केल्या तर त्यातल्या दोन अगदी एकसारख्या. कंपनीची कुठली आणि आपली कुठली, कुणाला सांगता येईना. पाठीमागून ओळखावं, तर गंजू नयेत म्हणून रफिकनं सगळ्यांच्या पाठी काळ्या करून ठेवलेल्या!

साठ वर्षांची एकुलती एक खूण आम्ही हरवली होती. सरांचा चेहरा बघवत नव्हता.

"वळखू येत न्हाई न्हवं?" अण्णा म्हणाले. "मग जमला की रंग."

*

इंजिनही दुरुस्त होऊन गाडी तयार झाल्यावर सर स्वतः चालवत घरी घेऊन गेले. मी बाइकवर मागोमाग गेलो. बहीण पुण्याहून आली होती. आईंना धरून बाहेर आणलं आणि दारातल्या खुर्चीत बसवलं. सर गाडीतून उतरले आणि गाडीला हात लावून उभे राहिले. काही बोलायचं नाही, असं त्यांनी आम्हाला आधीच बजावलं होतं.

आईंनी गाडीकडं बघितलं. पुढून बघितलं, मान वाकडी करून बाजूनं बघितलं. मग सरांकडं बघितलं.

"सुभ्या," त्या म्हणाल्या, "कुणाची गाडी आणलीस रं ही? बाजूला घे. तुझं दादा येतील आता, त्यास्नी आपली गाडी लावाया जागा पायजे."

सर गाडीत बसले आणि त्यांनी ती बाजूला घेतली.