कोष्टीमास्तरांच्या खाचा

दुपारचे दोन वाजलेत. अंधशाळेच्या वाचनालयात मी एकटा आहे. तसा सत्तावीस वर्षं एकटाच आहे, ग्रंथपालही मीच आणि शिपाईही मीच. टेबलावर ब्रेलची एकशे बारा सुटी पानं पसरलीत. पापण्या जड होतात. फक्त क्षणभर, असं स्वतःला बजावून मी त्या मिटतो.

"आत्ता कुठं डोळं मिटलं तुम्ही, भाऊसाहेब," कुणीतरी म्हणतं. "आता वाचा की."

समोरच्या खुर्चीत कोष्टीमास्तर बसलेत. मास्तर जन्मांध, शाळेत हार्मोनियमची दुरुस्ती शिकवायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. सदऱ्यावर लाकडाचा भुसा मात्र आजचा वाटतो. मला भीती वाटत नाही, छातीत नुसतं धडधडतं, लहानपणी वर्गात नाव पुकारल्यावर धडधडायचं तसं.

काय घोळ घातला ते मी त्यांना सांगू लागतो. ही पानं त्यांच्याच पुस्तकाची. पेटी कशी उघडायची, भाता कसा शिवायचा, सूर, म्हणजे आतल्या पितळी पात्या, कसे घासायचे, हे त्यांनी स्वतः पाटी-टोचणीनं टोचून लिहिलेलं, जगात एकच प्रत. एका पानावर एक काम. कपाट हलवताना शिलाई तुटली आणि पानं खोलीभर झाली. पानांवर आकडे नाहीत, कारण आकड्यापायी एक ओळ वाया जाते असं मास्तरांचंच म्हणणं. मी डोळ्यांनी ब्रेल वाचतो, पण पेटीतलं मला काही कळत नाही. तीनदा पानं लावली, तिन्ही वेळा क्रम वेगळा आला. आणि आज चार वाजता यशोदा खिलारे पुस्तक न्यायला येणार आहे.

यशोदा म्हटल्यावर मास्तर मान वर करतात. ती त्यांची शेवटची विद्यार्थिनी. उद्या ती पहिल्यांदाच एकटीनं गिऱ्हाइकाची पेटी उघडणार आहे. माझा क्रम चुकला तर तिच्या हातून सूर मोडेल, आणि मग आंधळ्या बाईकडे पेटी कोण देईल?

मास्तर उठतात. मी त्यांचं कोपर धरतो. जिवंतपणी ते माझं धरायचे. आम्ही कपाटांच्या मधून चालतो आणि कपाटं श्वास घ्यायला लागतात, फुगतात, बसतात. पायाखाली फरशी नाही, काळ्यापांढऱ्या पट्ट्या आहेत, आणि पाऊल पडेल तिथे सूर उठतो. मी चोरट्यासारखा चवड्यांवर चालतो. मास्तर मुद्दाम टाच आपटतात.

मग पानांचा गठ्ठा त्यांच्या हातात आहे. ते कडेवरून अंगठा फिरवतात, एकदा, पुन्हा एकदा. चेहरा उतरतो.

"माझ्या खाचा कुठं गेल्या?"

कुठल्या खाचा, मी विचारतो. ते समजावतात, पोराला समजवावं तसं. प्रत्येक पानाच्या कडेला त्यांनी कानशीनं एक बारीक खाच पाडली होती, आधीच्या पानापेक्षा दोऱ्याएवढी खाली. गठ्ठा बरोबर लागला की अंगठा वरून खाली घसरत जातो, घसरगुंडीवरून जावा तसा. एक पान चुकलं की अडखळतो.

त्या खाचा मी पाहिल्या होत्या. मास्तर गेल्यावर अख्खी दिवाळीची सुट्टी बसून मी प्रत्येक पानाच्या कडेला पातळ कागदाच्या चिकट्या लावल्या होत्या. वार्षिक अहवालात ते लिहिलंही होतं, थोड्या अभिमानानं.

"मास्तर, त्या मी बुजवल्या."

"बुजवल्या?"

"उंदरांनी कुरतडलंय असं वाटलं."

कपाटांचा श्वास थांबतो. आणि मग ते हसतात, इतकं की सगळी कपाटं भात्यासारखी वरखाली होतात.

"मला उंदीर केलासा व्हय," ते डोळे पुसत म्हणतात. "बरं, खळ कशाची केलीती?"

"मैद्याची."

"मग पाण्यानं सुटंल. बुजवलंय न्हवं? कापलं न्हाई न्हवं?"

कापलं नाही, मी म्हणतो. कापलं नाही, कापलं नाही. मला ओरडावंसं वाटतं. आम्ही आता नदीच्या घाटावर आहोत, पाय पाण्यात, ऊन पाठीवर. मास्तर पानाची कड पाण्यात धरायला सांगतात. पाण्यानं कागद फुगतो. मी धीर करून, इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकतो. ग्रंथपालाची जागा एखाद्या बोटांनी वाचणाऱ्याला द्यायला हवी होती ना? मी डोळस माणूस, मी इथे चुकूनच आलो.

"चुकलासाच," मास्तर म्हणतात. "पण एकशे बारा चिकट्या लावत बसणारा दुसरा येडा कुठनं आणला असता शाळेनं? आता काडा. नखानं, हळू."

मी अंगठ्याचं नख कागदाखाली सरकवतो.

मान अवघडली आहे. घड्याळात दोन वीस झालेत. वाचनालय कोरडं ठक्क आहे, पाण्याचा माठ बाहेर व्हरांड्यात. पण माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखात कागदाची एक ओली चिकटी अडकली आहे. आणि समोरच्या पानाच्या कडेला, अगदी वर, कानशीनं पाडलेली एक बारीक खाच उघडी पडली आहे.