नाव नसलेल्या दोन नळ्या

आमच्या लॅबच्या फ्रिजमधले जुने नमुने आम्ही वेळच्या वेळी फेकून देतो. किस्से मात्र फेकता येत नाहीत जी! टपरीवर चार जण चहाले बसलो की एक निघतो, त्याच्यामागं दुसरा. भंडाऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात मी रक्त तपासतो. इथं पेशंटचा डॉक्टरवर भरवसा नाही, डॉक्टरचा लॅबवर नाही, अन् माहा तर कोणावरच नाही!

*

लिव्हर खराब झालेला पेशंट आयसीयूत आला की आमचे डॉक्टरसाहेब मॅग्नेशियम तपासायले लावतात. रक्तात ते कमी पडलं की हात थरथरतात, झटके येतात, ठोके बिघडतात. दारूनं, जुलाबानं, उपाशी राहिल्यानं ते उतरते.

साहेबांनी हे सारं सिहोऱ्याच्या सुमनबाईले नीट समजावलं. तिचा मालक आत बेशुद्ध पडून होता. बाईनं शांतपणे ऐकलं, अन् शेवटी विचारलं, "रोज एवढं रक्त काढता. कुठी विकता?"

"मावशी, चमचाभर असते ते!" मी म्हटलं.

"चमचा कोणाच्या घरचा?"

*

साहेबही कमी नाहीत. एक दिवस वरच्या आयसीयूतून दोन नळ्या आल्या. एक सुमनबाईच्या मालकाची, दुसरी कोण्या रामलालची, बेड नंबर नऊ. आमच्या आयसीयूत बेडच सहा!

दोन्ही तपासल्या. आकडे सारखेच. म्हणजे रक्त एकाचंच, अन् परीक्षा लॅबची! मी स्वतः रिपोर्ट घेऊन वर गेलो. म्हटलं, "साहेब, रामलालले आधी बेड द्या. बिचारा कधीचा उभा आहे!"

साहेब हसले. पण दुसऱ्या दिवशी आणखी एक रामलाल पाठवलाच.

*

एकदा सुमनबाईच्या मालकाचे आकडे मी दोनदा वाचले. मॅग्नेशियम जवळपास नाहीच, कॅल्शियम गायब, पोटॅशियम आभाळाले टेकलेलं. या हिशेबानं माणूस सकाळीच गेला पाहिजे! आयसीयूत फोन लावला.

"वंदना सिस्टर, पेशंट आहे ना?"

"आहे ना. आज डोळे उघडले त्यानं. पाणी मागून राहिला."

झालं, माहा संशय जागा झाला. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते; त्यात पोटॅशियम असते, अन् ते कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवते. त्या नळीतलं रक्त मॅग्नेशियम तपासायच्या लाल झाकणाच्या नळीत ओतलं की मॅग्नेशियमचा आकडा गेला बाराच्या भावात.

"सिस्टर, या नळीतलं त्या नळीत ओतलं ना?"

पलीकडून हळूच आवाज आला, "काय करू दादा? लाल नळीले रक्त कमी पडलं. दुसऱ्यांदा सुई काढली त ते बाई माहा हातच धरते!"

हा आकडा खरा समजून साहेबांनी त्याले डबल मॅग्नेशियम चढवलं असतं तर? खरं सांगतो, तेव्हा भेव वाटलं. तो रिपोर्ट मी जाऊच दिला नाही.

*

सुमनबाई दिवसभर आयसीयूबाहेरच्या बेंचवर. गावाहून तिच्यासाठी डबा यायचा, अन् ती तो बेंचवर शेजारी बसलेल्या लाखांदूरच्या म्हाताऱ्याले द्यायची. स्वतः नुसता चहा प्यायची, तोही अर्धा बशीबाहेर सांडायचा. मले वाटलं, म्हाताऱ्याच्या हातानं डब्यातून मालकासाठी झाडपाल्याचं औषध आत जाऊन राहिलं! एक दिवस मी म्हाताऱ्याले डबा उघडायलेच लावला.

भात अन् वांग्याची भाजी. म्हातारा म्हणे, "भूक लागली असंन त तसं सांगा ना बाप्पा!"

*

मॅग्नेशियमचं सलाइन चालूच होतं. गुण आला का ते पाहायले पुन्हा रक्त हवं होतं. सुमनबाई दारात आडवी!

"तुम्ही सर्व्याईचं कमीच लिहिता. मी मालकाले घरी नेतो!"

साहेबांचा चेहरा उतरला. घरी नेलं असतं तर तो माणूस वाचत नव्हता. शेवटी बाईनंच तोड काढली.

"माहंबी रक्त काढा. नळीवर नाव नको. दोघाईचं कमी आलं त तुम्ही चोर. मंग मी थांबत नाही."

सिस्टरनं एका नळीवर एक पट्टी चिकटवली, दुसरीवर दोन. कोणती कोणाची, ते त्या दोघींनाच माहीत. मी तपासलं, मग पुन्हा तपासलं. एक ठीक, एक कमी. छाती फुगवून वर गेलो.

"घ्या मावशी! एक पट्टीवाली कमी आहे. हा तुमचा मालक!"

सुमनबाईनं सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर हसली नाही.

"ते माहं होय," बाई म्हणाली. "म्हणजे मालकाचं ठीक झालं? मंग राहू द्या मालकाले इथंच."

साहेब तिच्या हाताकडे पाहत होते. पदर धरलेली बोटं थरथरत होती.

"बाई, तुम्ही जेवल्या कधी?"

बाई मागं सरकली. "काहून? आता मलेबी भरती करून राहिले काय?"