आईच्या स्कूटरचा नंबर

आईची स्कूटर फाटकाशी धूळ खात उभी आहे. नंबर ९९७३. बाबा गणिताचे निवृत्त मास्तर; दिसेल त्या गाडीचा नंबर मनात भागत बसायची त्यांची जुनी खोड. या संख्येला शंभराच्या आतल्या एकाही अविभाज्य संख्येने भाग गेला नाही, की तीही अविभाज्यच. पुढे बघायची गरज नाही. पण ते तेविसापर्यंत पोचले की आतून आईची हाक यायची, "अहो, पुरे आता, चहा निवतोय!"

आज ते सत्त्याण्णवपर्यंत गेले. "हिला कशानेच भाग जात नाही गं," मला म्हणाले. एवढी मोठी संख्या, आणि तिच्यासोबत फक्त एक. चहाचा कप घेऊन मी केव्हाची मागे उभी होते. हाक मारायचं मला सुचलंच नाही.