आता कप उचल

“पुढे जा,” माधुरी म्हणाली. मी पुढे गेले.

“उजवीकडे वळ.” वळले.

मालेगावच्या शाळेचा हॉल. फरशीवर लाल टेप चिकटवून आम्ही भूलभुलैया केला होता. समोर खुर्च्यांवर पाहुणे. मधोमध संस्थेचे अध्यक्ष. मागे सतरंजीवर आमची पोरं. त्या वाटेवरून खरं तर पोरांचे छोटे रोबो फिरायचे होते. पण पाहुण्यांचा मान म्हणून कुणीतरी ऐनवेळी वाटेच्या तोंडाशीच जाड गालिचा अंथरायला लावला, आणि रोबोंची बारकी चाकं त्यात रुतून बसली. पोरांची तोंडं उतरली. गालिचा गुंडाळेपर्यंत वेळ काढायचा म्हणून माधुरीनं माईक घेतला. म्हणाली, तोवर आमच्या मॅडमच रोबो होतील. मी हसत पुढे झाले.

हसतच. कारण हा खेळ माझा होता. टॅबवर हुकमाचे रंगीत ठोकळे एकाखाली एक जोडायचे, हिरवं बटण दाबलं की रोबो तसा चालतो. पण एक ठोकळा चुकला की भिंतीवर आपटतो. पोरांना ते आधी अंगात भिनावं म्हणून मी त्यांनाच रोबो करायची. एकानं हुकूम द्यायचा, दुसऱ्यानं चालायचं. मग पाळी बदलायची.

“पुढे जा. अजून पुढे.”

टेपची वाट संपली. मी पाहुण्यांच्या टेबलापाशी पोचले होते. टेबलावर चहाचे उष्टे कप.

“आता कप उचल.”

लोक हसले. मला वाटलं, गंमत आहे. मी माधुरीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. अध्यक्षांकडे बघत होती. ते तिचे सख्खे मामा. त्यांच्याकडे बघत ती माईकवर बोलली, “करेल ती. घरची सवय आहे तिला. आई तिची लग्नाच्या हॉलवर हेच करते.”

हशा मोठा झाला. एका पाहुण्यानं स्वतःचा कप बशीसकट माझ्यापुढे सरकवला.

हसू ऐकू येत होतं, माणसं दिसत नव्हती. माझ्या मायचं काम त्या हॉलमध्ये फक्त एका माणसाला माहीत होतं. ते मी तिला विश्वासानं सांगितलं होतं.

माधुरी आणि मी वाशीमला एकाच प्रशिक्षणात भेटलो. रोबो उघडायचे, बॅटरी बसवायची, ठोकळे जोडून चालवायचे, सगळं एका बाकावर बसून शिकलो. पुढे एकाच शाळेत लागलो. मी अनसिंगहून यायची. वाशीमला गाडी बदलली की मालेगावच्या एसटीत माधुरी खिडकीशी जागा धरून बसलेली. माझ्या डब्यातली चटणी ती बोटानं चाटून खायची. तिच्या डब्यातली पोळी मी न विचारता घ्यायची. मोठ्या घरची पोरगी. आमच्या आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला हे मी तिला सांगितलं, तेव्हा म्हणाली, आता हे सगळं कोण बघतं गं. मी विश्वास ठेवला. शाळेत ‘मले, तुले’ म्हणू नकोस, ‘मला, तुला’ म्हण, हेही तिनंच शिकवलं. पालकांसमोर आडनाव नको सांगू, नुसतं मॅडम पुरे, असंही. मला ती माया वाटली.

एकदा गाडी बंद पडली. बाकीचे प्रवासी खाली उतरले, आम्ही दोघीच आत. तेव्हा मी सांगितलं, माझी माय लग्नाच्या हॉलवर भांडी घासते. पंगतीमागून पंगत. सोडा लागून हातांची सालं निघतात. त्याच हातांनी तिनं मला शिकवलं. बोलताना मला रडू आलं. माधुरीनं माझा हात धरला. म्हणाली, कुणाला सांगणार नाही.

आता ती सांगत होती. माईकवरून.

“अगं, उचल ना,” ती म्हणाली. “रोबो हुकूम मोडत नाही.”

मी कपांकडे बघितलं. कप उचलणं मला जड नव्हतं. घरी रोज उचलते. शिपाईमामा रजेवर असले की शाळेतही उचललेत, कुणी न सांगता. पण ते हात माझे होते, मन माझं होतं.

“मी नाई उचलत,” मी म्हटलं.

तोंडातून ‘नाई’ आलं. घरचं. ते मी सुधारलं नाही.

अध्यक्ष हसून म्हणाले, “मशीन बिघडली वाटतं.” कुणी हसलं, कुणी नाही. मागून पाचवीतली आलिया उभी राहिली. तिला यातलं काहीच कळलं नव्हतं. तिला खेळाचा नियम तेवढा ठाऊक.

“मॅडम, आता पाळी बदलायची ना? आता माधुरी मॅडमनी रोबो व्हायचं.”

तिला कुणीतरी दंडाला धरून खाली बसवलं.

मी माधुरीला म्हटलं, “तू माह्या मायचं नाव माईकवर घेतलं. आता इथंच, या लेकरांसमोर, माफी माग.” ती म्हणाली, साधी गंमत होती गं, इतकं काय मनाला लावून घेतेस. मग माईक बंद केला आणि मामांच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी अध्यक्षांनी बोलावलं. पाहुण्यांचा अपमान झाला म्हणाले. माफी मी मागायची. आम्ही जातपात मानत नाही, म्हणून तर तुम्हाला घेतलं, असंही म्हणाले. माधुरी तिथंच बसली होती. मी तिला विचारलं, गाडीत काय म्हणाली होतीस ते सांग यांना. ती मोबाईल बघत राहिली. हॉलमधल्या हसण्यापेक्षा तिचं ते खाली घातलेलं डोकं मला जास्त लागलं. मी माफी मागितली नाही. दुसऱ्या दिवशी रोबोंच्या खोलीची चावी माझ्याकडून काढून घेतली. माझा वर्ग माधुरीला दिला. मला पोरांच्या रांगा लावायचं काम दिलं. कारण विचारलं. कुणी सांगितलं नाही.

घरी मायला सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल. ती चुलीपुढं बसून ऐकत राहिली. मग म्हणाली, “तिले तूनं सांगतलं होतं?”

“हो.”

“मंग चोरून काहून सांगतलं? मी का चोरी करतो?”

माधुरीचा राग होताच. पण मायच्या बोलण्यानं दुसरंच काही उघडं पडलं. मायचं काम हे गुपित आहे, हे मला कुणी शिकवलं? घासलेल्या ताटात जेवणाऱ्यांना लाज नाही, मग घासणारीच्या लेकीनं काहून खाली बघायचं? आडनाव गिळ, बोली गिळ, माय गिळ. एवढं गिळून मी त्यांच्यात बसले होते. त्या बसण्याला मी मैत्री म्हणत होते.

मी नोकरी सोडली. जाण्याआधी लेखी तक्रार दिली, संस्थेत आणि पोलिसांत. हॉलमध्ये एवढी माणसं होती, साक्षीला अजून एकही पुढं आलेला नाही. पोलीस म्हणतात, मिटवून घ्या.

माधुरी एकदा अनसिंगला घरी आली. स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन. आईलाही घेऊन ये म्हणाली. मायनं तिला पाणी दिलं. ती प्याली. मग हळूच म्हणाली, मामांना फार त्रास होतोय गं, ती तक्रार तेवढी मागे घे. म्हणजे पत्रिका त्यासाठी होती.

मी म्हटलं, “त्याच हॉलमध्ये, त्याच पोरांसमोर बोल. मंग पाहू.”

“एवढं ताणू नकोस. आपण मैत्रिणी आहोत.”

“होतो,” मी म्हटलं. पत्रिका तिच्या हातात परत दिली.

मी आता आसेगावकडच्या एका शाळेत शिकवते. रोबो एकच आहे, त्याचं एक चाक अडकतं. पोरं पाळीनं चालवतात. तिथं पहिल्या दिवशी मी फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. माय काय काम करते ते सांगितलं. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले. बघू दे.

तक्रार मी मागे घेणार नाही. साक्षीदार मिळो न मिळो. तारखेला बोलावतील तेव्हा मायला सोबत नेईन. विचारतील त्याचं उत्तर माझ्या बोलीत देईन. मोठ्यानं देईन. कुणाच्या कानात सांगावं असं माझ्याजवळ आता काही नाही.