बाकीचं लागेल तसं मागवू

अकोल्याच्या घराला कुलूप लावून झाल्यावर आईने ते दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली मालूकाकूंच्या हातात दिली. मालूकाकू आमच्या शेजारीण. त्यांची भिंत आणि आमची भिंत एकच. फाटकाशी ऑटो उभा होता आणि त्यात आईचं सामान होतं: एक बॅग, एक पिशवी.

"एवढंच?" मालूकाकू म्हणाल्या. "माझी सून माहेरी जाते ना दोन दिवसांसाठी, तर याच्याहून जास्त नेते."

"बाकीचं लागेल तसं मागवू न," आई म्हणाली. "आता काय कायमची जाऊन राहिली का मी?"

ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. मी आईच्या शेजारी बसले. मागे वळून कोण बघतंय आणि कोण नाही, हे मला सवयीने दिसतं. आईने बघितलं नाही.

बाबा गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा होता. मी त्याच्या आधीच नोकरीसाठी जयपूरला आले होते. मी गेले तेव्हा रडारड झाली नव्हती. बाबांनी बर्थखाली बॅग सरकवली, साखळी लावली आणि म्हणाले, "पोचली की कळव." तेवढंच. ते विमा कंपनीत होते, स्वतः बदल्यांवर गावं फिरलेले, त्यामुळे निघणाऱ्या माणसाशी फार बोलू नये हे त्यांना माहीत होतं. मी सगळं शिकले इंग्रजीतून. घरी पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही आणि आली असती तर जमलं नसतं. हे मी आज मराठीत लिहितेय ते अकोल्यात राहिलेल्या तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखं निघून जाऊन आईवडिलांना नंतर आपल्यामागे ओढून घेणाऱ्या तुमच्यासाठीही. इंग्रजीत लिहिलं असतं तर आईला वाचता आलं नसतं. तसं तिला हे दाखवायचं आहे की नाही, तेही मी अजून ठरवलेलं नाही.

माझा फ्लॅट प्रतापनगरला आहे, सांगानेरच्या बाजूला. विमानं इतकी खालून जातात की पहिले काही दिवस आई बोलणं अर्धवट सोडून वर बघायची. थंडी तिला मानवली नाही, पण ती तक्रार करत नव्हती. मी तिच्यासाठी सांगानेरी छापाची नवी चादर आणली, ती तिने घडी करून कपाटात ठेवली. "पाहुणे आले की काढू." जयपुरात आमच्याकडे कोण पाहुणे येणार होते?

भाजीवाल्याशी मात्र तिचं पहिल्याच आठवड्यात जमलं.

"भैया, वो ढेमसे है क्या?"

"क्या माताजी?"

"ढेमसे. वो देखो, सामने तो रखे है."

"ये? ये तो टिंडा है माताजी."

"तुमारे यहाँ टिंडा होगा," आई म्हणाली. "हमारे यहाँ ढेमसा है. पाव किलो दो, और कोवळे दो."

त्याला कोवळे म्हणजे काय ते कळलं नाही, पण दिले त्याने कोवळेच. पुढे तो स्वतःच गल्लीत येऊन "माताजी, ढेमसा!" असं ओरडायला लागला. आई हसायची. मला वाटलं, होईल. हळूहळू होईल.

आई खरंच लागेल तसं मागवत होती. काय लागेल हे तिला आधी सांगता येत नसे. हात जायचा, तिथे ती वस्तू नसायची, मग तिला कळायचं की ती तिकडे राहिली. कढईखालचा गॅस बंद करून ती न बघता डावीकडे हात नेई. तिकडे खिळ्याला सांडशी असायची, इथे नुसती टाईल. हात टाईलला लागला की ती क्षणभर तशीच उभी राही. मग मालूकाकूंना फोन. "मालू, ओट्याच्या डाव्या हाताला खिळा आहे पहा." आठवड्याने पार्सल यायचं. सांडशी आली, लोखंडी तवा आला, बाबांचा बिनबाह्यांचा स्वेटर आला, सांडग्यांचा डबा आला. तूरडाळही आली, कारण इथली डाळ शिजत नाही असं तिचं म्हणणं होतं. अकोल्याचीही शिजेना. दोष पाण्याचा होता. "म्हणजे आता पाणीपण मागवावं लागते," आई म्हणाली, आणि हे ती मालूकाकूंना सांगून किती वेळ हसत राहिली.

ते फोन मला आवडायचे. पलीकडे मालूकाकू कुलूप उघडत आहेत, कडी काढत आहेत, खोलीतून चालत आहेत, हे सगळं ऐकू यायचं. आई इथे बसून त्यांना घरभर फिरवायची. त्या पंधरा-वीस मिनिटांत ती अकोल्यात असायची आणि परत आली की जयपुरात थोडी जास्त मुक्कामाला असायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मालूकाकूंचं डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. जाताना त्यांनी किल्ली घरमालकांकडे दिली. घर भाड्याचं होतं हे सांगायचं राहिलंच, कारण आम्हांलाही ते कधी तसं वाटलं नव्हतं. मालक सुधाकरकाका वरच्या मजल्यावर राहायचे, बाबांना नावाने हाक मारायचे. चांगला माणूस.

पण त्यांना आई काही मागू शकत नव्हती. मालूला म्हणता येतं, मोरीतल्या फळीवर खवणी आहे, पुसून पाठव. परपुरुषाला कसं म्हणणार? आमच्या घरात भीड हा आजारच आहे. बाबांना होता, मला आहे. सुधाकरकाका दोन वेळा स्वतःहून फोन करून म्हणाले, "वहिनी, काही लागलं तर सांगा." आई दोन्ही वेळा म्हणाली, "नाही हो भाऊजी, सगळं आहे." आणि फोन ठेवून ओट्याशी जाऊन हात पुढे करून उभी राहिली. मी तेव्हा म्हटलं, बाजारातून आणू. ती म्हणाली, "येईल न मालू." मालूकाकूंचा मुक्काम लांबला. दुसराही डोळा करायचा ठरला.

ऐन उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी सुधाकरकाकांचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला, कारण ती पोळ्या लाटत होती.

"वहिनी, तुमचा इतक्या दिवसांत काही निरोप नाही, तेव्हा मी समजलो की तुम्ही तिकडे रमलात. चांगलंच झालं. पोरीजवळ असावंच. तर म्हटलं, तुम्हांला कशाला त्रास, ते खालचं मी आवरून घेतलं."

लाटणं थांबलं नाही.

"माझ्या पुतण्याचं लग्न झालं न, ते राहायला येताहेत. कपाट, पलंग मोडीत गेले, तसे जुनेच होते. भांडी मंदिरात दिली, लोकांच्या जेवणावळीला होतील. किरकोळ ते सगळं भंगारवाला घेऊन गेला. फोटो मात्र मी बाजूला ठेवलेत हं. पाठवतो."

"हो का," आई म्हणाली.

"महत्त्वाचं काही नव्हतं ना?"

"नाही हो भाऊजी. तसं काही विशेष नव्हतं."

मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ती रडेल, आणि ती रडली की मला काय करायचं ते कळेल. तिने पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "त्यांची काय चूक? चांगल्यासाठीच केलं त्यांनी." मग, "काहून वं, उभी का राहिली? ताट घे."

त्यांचा राग यावा असं मलाही फार वाटत होतं. नंतर मी फोन करून भांडणार होते, वाक्यंही जुळवली होती. पण भांडून काय? भंगारवाल्याकडे काय काय गेलं, हे मला माहीत नव्हतं, काकांना माहीत नव्हतं आणि खरं म्हणजे आईलाही माहीत नव्हतं. जोवर हात जात नाही तोवर कळणार कसं?

माझं काम काय आहे हे इथे सांगायला हवं. मी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड तपासते. एका मोठ्या सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरने बनवलेले संगणक, चालतात, एखाद्यावर कुणाचा दवाखाना, एखाद्यावर कुणाचं दुकान. सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असला की त्यावरचं मशीन चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवतात. वापरणाऱ्यांना पत्ताही लागत नाही. मशीनच्या मेमरीची पानं असतात, लाखांनी. आधी सगळी पानं पाठवायची आणि मग मशीन हलवायचं, ही एक पद्धत. पण मशीन फार कामात असलं तर पाठवलेली पानं तोवर बदललेली असतात, ती पुन्हा पाठवावी लागतात आणि हे संपतच नाही. तेव्हा दुसरी पद्धत वापरतात. अगदी थोडी पानं घेऊन मशीन आधी हलवायचं, नव्या जागी चालू करायचं आणि ज्या पानाला हात घालेल ते पान तेव्हा जुन्या जागेहून आणायचं. यात धोका असतो. मधल्या काळात मशीन पूर्ण असं कुठेच नसतं. दोन सर्व्हरमधला दुवा तुटला तर ते इथेही नाही आणि तिथेही नाही. म्हणून अशा वेळी काय करायचं, हे कोडमध्ये आधीच लिहून ठेवावं लागतं, आणि ते नीट लिहिलंय का हे मी बघते.

त्या फोननंतर काही आठवड्यांनी महेंद्रचा कोड माझ्याकडे आला. महेंद्र सीकरचा, हुशार आहे, त्याच्या कोडमध्ये एरवी मला फारसं काही सापडत नाही. मी खाली खाली वाचत गेले आणि एका ओळीवर थांबले. जुन्या सर्व्हरकडे काही काळ एकाही पानाची मागणी आली नाही, तर काम पूर्ण झालं असं धरायचं आणि तिथली उरलेली मेमरी मोकळी करायची.

एरवी ती ओळ मी वाचून पुढे गेलेही असते. वाचायला ती शहाणपणाची वाटते. कुणी मागत नाही म्हणजे कुणाला नको आहे. मी मंजुरी रोखली आणि खाली लिहिलं, मागणी थांबण्याचं कारण दुवा तुटणं हेही असू शकतं. जोवर नवी जागा स्वतः सांगत नाही की सगळं पोचलं, तोवर जुन्या जागेतलं एक पानही पुसू नये. मी एरवी एका ओळीच्या वर लिहीत नाही. हे लिहिताना परिच्छेद झाला.

महेंद्र माझ्या टेबलाशी आला. "मैम, आप तो लड़ाई के मूड में हो."

मी म्हटलं, टेस्ट करून बघ. मध्येच नेटवर्क काढ.

त्याने बघितलं. मशीन मेलं. तो परत आला तेव्हा गंभीर होता. "ठीक है. तो लिंक टूटे तो मशीन रुक जाए, और पुराना सर्वर सब संभाल के रखे. पर कब तक? कब तक वेट करेगी बेचारी?"

"जब तक कोई आदमी आकर न देखे," मी म्हटलं.

"और कोई ना आए तो?"

त्याने कोड बदलला, मी मंजुरी दिली. आता आमच्याकडची मशीन अशी मरत नाहीत. दुवा तुटला की थांबतात, दुवा आला की जिथे थांबली तिथून पुढे चालू लागतात. लोकांनी चॅटवर टाळ्यांची चित्रं टाकली. मी बसने घरी आले. हे आईला सांगावं असं एक क्षण वाटलं. पण तिने विचारलं असतं, मग आपलं?

आई थांबली आहे. बाहेरून बघणाऱ्याला कळणार नाही. ती उठते, देवपूजा करते, कूलरमध्ये पाणी भरते, भाजीवाल्याशी बोलते. पण आता तिचा हात डावीकडे जात नाही. कोणतीही वस्तू घ्यायच्या आधी ती मला विचारते, "हे घेऊ का?" तिच्याच मुलीच्या घरात, वाटी घेऊ का. मी नवी सांडशी, नवी खवणी, नवा पाट, काय काय आणलं. ती प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणते. पूर्वी ती माझ्या प्रत्येक खरेदीला नावं ठेवायची, मला राग यायचा. मालूकाकूंचे डोळे बरे झाले, त्या परत आल्या, त्यांचा फोन येतो. पलीकडून कडी काढल्याचा आवाज येत नाही. दोघी हवेबद्दल बोलतात.

गणपतीत इथल्या मराठी लोकांच्या मंडळाचं दुपारचं जेवण असतं. बहुतेक बँकेतली नाहीतर विम्यातली माणसं, दर काही वर्षांनी चेहरे बदलतात. या वर्षी मी आईला आग्रहाने घेऊन गेले. पंगतीत शेजारी एक साताऱ्याकडच्या काकू होत्या, बोलक्या. त्यांनी आईला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

हा प्रश्न आईला आयुष्यभर आवडत आलाय. बाबांच्या बदल्यांच्या गावी कुणी विचारलं की ती अकोला म्हणायची, मग गल्ली सांगायची, मग समोरच्याचं कुणी ओळखीचं निघेपर्यंत सोडायची नाही.

"मी हिच्याकडे असते," आई म्हणाली.

"हो, ते झालंच हो. पण मूळ गाव?"

आईने पानातला भात सारखा केला. "आता हिच्याकडेच."

काकूंना ते अवघड गेलं असावं. त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तू गं? तू कुठली?"

अकोला, असं मी म्हणणार होते. मी नेहमी तेच म्हणते, ऑफिसात, बसमध्ये, कुठेही. पण ज्या गावाचं नाव मी घेणार होते ते गाव म्हणजे माझ्यासाठी आईचं स्वयंपाकघर होतं, आणि आई माझ्या शेजारी बसून मान खाली घालून जेवत होती. तिने आपलं घर म्हणून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. मी माझं घर म्हणून तिच्याकडे दाखवणार होते. आम्ही दोघी एकमेकींचा पत्ता सांगत होतो, आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नव्हतं.

"जयपूर," मी म्हटलं.

आईने वाढणाऱ्याला हाताने नको अशी खूण केली आणि पाण्याचा पेला घ्यायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मग तिने तो घेतला.