दसऱ्याला दिलेला फोन

मागच्या रविवारी माहेरी, वैशाखऱ्याला गेले होते. अंगणात वालाच्या शेंगांची पोती भरायचं काम ऐन जोरात होतं... आणि आमची ठमाकाकी सगळ्यांच्या मागे बसून मुकाट्याने पोत्यांची तोंडं शिवत होती. मला जरा चुकल्यासारखंच वाटलं.

ठमाकाकी म्हणजे माझी चुलती. आमच्या पाड्यातल्या बायकांचा गट थंडीत शेंगा विकतो. कल्याण-बदलापूरची मंडळी मडक्यात शेंगा भाजायच्या पोपटीसाठी व्हॉट्सॲपवर ऑर्डर टाकतात, बायका शेंगा तोडून टेम्पोत चढवतात. गटाची पुढारी काकीच. गिऱ्हाइकाशी बोलावं तर तिनंच!

तुम्हाला आठवत असेल, दसऱ्याला मी एक फोटो टाकला होता. काकीच्या हातात फोन, शेजारी दात काढून मी, आणि वर लिहिलेलं, 'आमची काकी आता ऑनलाइन!' तुम्ही भरभरून बदाम दिले होते. मी दिवसभर ते मोजल्यासारखे परत परत बघत होते.

त्या फोटोत जे दिसलं नाही, ते आज सांगते.

तो माझाच जुना फोन होता. बिचारा छान चालायचा. मग एक मोठा अपडेट आला, तो मी हौसेनं करून घेतला... आणि फोनचा पार म्हातारा झाला. व्हॉट्सॲपवर बोट ठेवावं आणि चहा टाकून यावं, अशी गत! मी कंपनीच्या नावानं बोटं मोडली, नवऱ्याचं डोकं खाल्लं, एकदा तर फोन रागानं सोफ्यावर आपटला.

शेवटी शहापुरात नवा घ्यायला गेले, तर दुकानदार जुना एक्सचेंजमध्येही घेईना. मग मी तो पुसूनबिसून, नवं कव्हर घालून काकीला दिला. मोठं काहीतरी देतेय अशा थाटात.

तर रविवारी काकीला विचारलं, तू मागे का गं? ऑर्डरी कोण घेतंय? तिनं हनुवटीनंच सुगंधाकडे दाखवलं. सुगंधा शेजारच्या घरातली सून, ती आपल्या फोनवर गिऱ्हाइकाशी बोलत होती.

"मला नाय जमत गो त्यो फोन," काकी म्हणाली. "तुमची बोटं येगली. आमची कोयत्याची."

मग एकेक कळत गेलं. बोटांना माती असते म्हणून फोन चालत नसेल, असं वाटून ती दर वेळी साबणानं हात धुवायची. तरी चालेना, तेव्हा नजर गेली असेल म्हणून मुरबाडला जाऊन डोळे तपासून आली. दाबलं की काहीच व्हायचं नाही, परत दाबलं की सगळं एकदम उघडून भलत्यालाच फोन लागायचा.

एकदा तर एका गिऱ्हाइकानं 'शेंगा नकोत' असं कळवलं होतं. तो मेसेज काकीला दिसला तो सगळ्या जणींच्या शेंगा तोडून झाल्यावर. पोती तशीच पडून सुकली. तिला कोणी एक शब्द बोललं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं आपणहून ऑर्डरी घ्यायचं काम सोडलं.

मी तिचा फोन हातात घेतला. दाबलं... तेच माझ्या ओळखीचं गरगरणारं चाक! सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"इथे नेटवर्क नसेल गं," मी म्हणाले. हो, सगळं माहीत असून हेच म्हणाले मी.

सुगंधा चाचरत म्हणाली, "ताई, मी हितंच तं बोलते. फोनच खराब नाय ना?"

काकी एकदम तिच्यावर उसळली. "फोन चांगला हाय! माझी पुतणी खराब वस्तू देईल काय? मीच हळू हाय."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, तसं अगदी...

मग मात्र बोलले. सगळ्यांसमोर. "काकी, तू हळू नाहीस. फोनच हळू आहे, आणि मला ते माहीत होतं. दुकानात घेईनात म्हणून तुला दिला."

काकी चार शिव्या घालेल असं वाटलं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं हातातली सुतळी खाली ठेवली आणि मला विचारलं, "म्हंजी माझं डोकं बरं हाय?"

आणि डोळ्यांना पदर लावला.

माझ्या नव्या फोनमधलं सिम काढून मी तो तिच्यापुढे धरला. तर ती आधी हात धुवायला उठली. ते बघून मला आणखीच कसंतरी झालं.

ऑर्डरी आता परत काकीकडे आहेत. सुगंधानंच आग्रह केला. जुना फोन मी वापरतेय, ही पोस्टही त्यावरूनच लिहितेय... अक्षर दाबते आणि ते उमटायची वाट बघत बसते. दसऱ्याचा तो फोटो काढून टाकलाय. तुमचे बदाम माझे नव्हतेच.

आज सकाळी काकीचा व्हॉइस मेसेज आला. उघडता उघडेना. शेवटी ऐकू आला, मागे बायकांचं हसणं आणि वर काकीचा खणखणीत आवाज...

"बाय, दाबल्यावर लगेच उघडला नाय तं घाबरू नको हां. फोन तसाच हाय. तू येडी नाय."

जे मी तिला दसऱ्यालाच सांगायला हवं होतं, ते तिनं मला सांगितलं.