प्रश्नातल्या गावातले टँकर

प्रश्न वाचला आणि मला मळमळलं. पेपर अवघड होता म्हणून नव्हे. अवघड पेपरची भीती वाटते, शिसारी येत नाही. तिसरा प्रश्न असा होता: एका दुष्काळी गावात दिवसाला सरासरी दोन टँकर येतात. एखाद्या दिवशी एकही टँकर न येण्याची संभाव्यता किती? योग्य वितरण निवडा, निवडीची कारणे लिहा आणि उत्तर काढा.

दुष्काळी गाव म्हणे! तसल्याच एका गावातून, माझ्या माहेराहून, मी त्या सकाळी बिनआंघोळीची परीक्षेला आले होते.

माझी शाळा आठवीत सुटली. आईबाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नसायचं. मी घरी राहिले, शाळा राहून गेली. मग लग्न झालं आणि बीड जिल्ह्यातून थेट वापीला आले. तिथं औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या कंपनीत पॅकिंगला लागले. तपासणी खात्याच्या मॅडमनी माझ्यात काय बघितलं देव जाणे. त्यांनी मला बाहेरून दहावीला बसवलं, मग बारावीला, मग बी.कॉम.ला. त्यांच्या हाताखाली एक जागा रिकामी होणार होती. खुर्चीवर बसून करायचं काम. ती त्यांनी साहेबांशी भांडून माझ्यासाठी धरून ठेवली होती. अट एवढीच, की सांख्यिकीचा राहिलेला पेपर यंदा सुटला पाहिजे. अशी माणसं आपल्यासाठी एवढं करतात तेव्हा आनंद होतो म्हणतात. मला तर त्याचं ओझंच वाटायचं. फॉर्म गावाकडच्या पत्त्यावर भरलेला, म्हणून परीक्षेचं केंद्र नेकनूरच्या बाजूचं एक कॉलेज आलं.

वितरण म्हणजे काय, हे मॅडमनी मला जेवणाच्या सुट्टीत झाकणांवरच शिकवलं होतं. वितरण म्हणजे साचा. चुकीच्या साच्यात ओतलं की माल वाया. पिशवीतल्या ठरावीक झाकणांपैकी खराब किती निघतील, असं विचारलं तर द्विपद नावाचा साचा. पाळीभरात यंत्र किती वेळा अडेल, तर पॉयसाँ. झाकणांची वजनं मधोमध दाट आणि दोन्ही कडांना विरळ, तर प्रसामान्य. नुसता शब्द बघून मी साचा ओळखायला लागले की त्या डाफरायच्या. "शब्द नको बघूस. आधी स्वतःला विचार, एकाचं जे झालं त्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो का? होत असेल तर यातलं काहीही लावायचं नाही." हे मी मनात घट्ट बांधून गावाकडं आले होते.

आणि गावात आल्यापासून टँकरच बघत होते.

सकाळचा पहिला टँकर दूध सोसायटीत जायचा. गावात दूध उरलं होतं थोडकंच, पण कॅन धुवायला पाणी लागायचंच. आम्ही बायका बाहेर घागरी मांडून उभ्या असायचो आणि आत पाईप लावून कॅन खळाखळा धुतले जात. धुवण गटारीनं बाहेर आलं की भावजय ते घमेल्यात भरून घ्यायची, म्हशीसाठी. आंबलेल्या दुधाचा तो वास माझ्या पदराला बसला तो जाईचना. दुसरा टँकर विहिरीत सोडायचे. वर डिझेलचा तवंग, खाली गाळ, एकदा तर बादलीत मरून फुगलेली खार आली. बायकांनी ती काठीनं बाजूला काढली आणि परत बादली सोडली. मीही सोडली.

टँकरचं कंत्राट सोसायटीच्या चेअरमनच्या पुतण्याकडं. सोसायटीची निवडणूक होती तेव्हा म्हणे टँकरमागं टँकर लागलेले, पाणी रस्त्यावर वाहिलं. निवडणूक झाली आणि ज्या आळीनं मतं दिली नाहीत तिच्याकडचा टँकर वरच्या आळीला वळला. वर एक जास्त आला की खाली एक कमी. हे लहान पोरालाही पाठ होतं. माझा भाऊ त्याच सोसायटीत कारकून. मी एकदा बोलले तर म्हणाला, "आक्का, तू चार दिवसाची पाव्हणी. पी की गप."

परीक्षेच्या हॉलमध्ये पंखे होते, वीज नव्हती. संडासाला कुलूप होतं, कारण पाणी नव्हतं, आणि कुलूप असूनही लोकांनी भिंतीच्या कडेला उरकलेलं होतं. तो वास खिडक्यांतून आत येत होता. खिडक्यांच्या गजांना तंबाखूच्या पिंका. गजांमागं नातेवाइकांचे चेहरे, कुणाचा दीर, कुणाचा मामा, जत्रेतल्यासारखे. पर्यवेक्षक मोबाइल बघत होते. अर्ध्या तासानं त्यांनी मान वर केली आणि भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, "तिसऱ्याला पॉयसाँ लिवा सगळ्यांनी. टँकर म्हणलं की पॉयसाँ. टाइम घालवू नका."

सगळा हॉल वाकून लिहायला लागला.

मलाही पॉयसाँच सुचलं होतं. सरासरी दिलेली, दिवस दिलेला, वरची मर्यादा नाही. साचा तोच. पण कारणं लिहायची होती, आणि पहिलं कारण असं येतं: टँकरचे येणे एकमेकांपासून स्वतंत्र असते. 'टँकरचे येणे' इथवर लिहिलं आणि हात थांबला. पदराचा वास नाकात गेला.

तेवढ्यात खिडकीतून, "आक्का! ए आक्का! हिकडं बघ की."

माझा भाऊ. गजातून हात खांद्यापर्यंत आत घातलेला, मुठीत चिठ्ठी. घामानं भिजून लिबलिबीत झालेली.

"काय हाय?"

"तिसऱ्याचं हाय. धर लवकर, हात आखडायलाय."

"मला न्हाई पायजे."

"कावून? एवढ्या उन्हात इथं झक मारायला आलो व्हय मी? सरांना बोललोय मी तुझ्यासाठी. चेअरमनच्या कानावर घातलंय."

"कशाला घातलंस?"

"तर! लई शानी झालीस तू वापीला जाऊन."

मागच्या बाकावरचा, टकलाकडं झुकलेला एक गडी पुढं वाकला. "मावशी, तुमाला नको तर मला द्या. वाया कावून घालता?"

पर्यवेक्षक हसले. "घ्या हो बाई. भाऊच हाय ना, परका थोडीच हाय?"

भावानं चिठ्ठी माझ्या बाकावर टाकली. ती उत्तरपत्रिकेवर पडली आणि ओला डाग उमटला. मी ती पेनाच्या टोकानं ढकलली, बोटानं शिवले नाही. मागच्या गड्यानं ती हवेतच झेलली. भावाचा चेहरा गजांमागून गेला. जाता जाता थुंकला, कुणावर ते कळलं नाही.

त्या वेळी मी शहाणपणानं वागायला हवं होतं. पॉयसाँ लिहायचं, कोष्टकातला आकडा घ्यायचा, मोकळं व्हायचं. मॅडम डोळ्यांपुढं होत्या, ती खुर्ची डोळ्यांपुढं होती. पण त्या हॉलमध्ये पॉयसाँ हा शब्द सगळ्यांच्या तोंडून फिरून माझ्यापर्यंत आला होता. दुसऱ्यानं चावून टाकलेली सुपारी तोंडात घालावी तसं वाटलं. आणि कारण तर धडधडीत खोटं होतं. मी लिहिलं: यातले कोणतेही वितरण योग्य नाही, कारण टँकर एकमेकांपासून स्वतंत्र येत नाहीत. मग लिहीतच गेले. वरची आळी, खालची आळी, निवडणुकीचा आठवडा, सोसायटीचे कॅन. नाव कुणाचं घातलं नाही. उत्तराचा आकडा काढला नाही. शेवटच्या प्रश्नाला वेळ उरला नाही.

स्टँडवरून मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"आकडा नाही काढलास?"

"नाही मॅडम. आमच्या गावात टँकर तसे येत नाहीत."

"अगं, पण प्रश्नातल्या गावात येत होते ना!"

मी रडले. त्यांनी मला उगी केलं, रागावल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

पेपर गेला. थोडक्या गुणांनी गेला. त्या हॉलमधला मागचा गडी पास झाला, हे भावानं मुद्दाम फोन करून कळवलं. "तुझ्यापायी तोंड दाखवायला जागा न्हाई ऱ्हायली," असंही म्हणाला. ती खुर्ची दुसऱ्या मुलीला मिळाली. मुलगी चांगली आहे, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी पुढचे महिने उभ्यानंच झाकणं भरली. मॅडमनी मात्र फॉर्म परत भरून घेतला, आणि या खेपेला पत्ता वापीचा घातला, न विचारता.

वापीत केंद्र नव्हतं, म्हणून दुसऱ्या वेळी ते लांबच्या एका शहरात आलं. खिडक्यांत कुणी नव्हतं, संडासात पाणी होतं. प्रश्न आला, की एका कार्यालयात तासाला सरासरी चार फोन येतात, तासाभरात एकही फोन न येण्याची संभाव्यता काढा, वितरण निवडा, कारणे द्या. मी लिहिलं, पॉयसाँ. मग लिहिलं, फोनचे येणे एकमेकांपासून स्वतंत्र असते. आकडा काढला, खाली दोन रेघा मारल्या. पेपर सुटला आणि पुढं मॅडमच्या हाताखाली आणखी एक जागा निघाली तेव्हा खुर्चीही मिळाली.

प्रश्नातल्या त्या कार्यालयात कुणाच्या सांगण्यावरून कुणाला फोन जातो, कुणाचा मुद्दाम लागू देत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून हात अडला नाही.